कनातीपेक्षा उंच पाळणा

अकोल्याच्या मैदानावर त्या मंगळवारी पुरुषांची जी गर्दी लोटली, ती मी बोलावलेली होती. ती आपोआप जमली, असं मी त्या वेळी आमच्या मेळ्याच्या मालक-शेठना सांगितलं, पोलीस जमादाराला सांगितलं, घरी बायकोला सांगितलं, आणि पुढेही कित्येक वर्षं विषय निघाला की तेच सांगत राहिलो. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा" म्हटलं, तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की तो मंगळवार वगळून बाकीचं लिहावं. गमती आहेतच, त्यांतल्या एक-दोन सांगतोही. पण हे आधी लिहून टाकल्याशिवाय बाकीचं लिहायला हात धजेना.

मी एका फिरत्या आनंदमेळ्याचा प्रचारक होतो. इंजिनावर फिरणारा मोठा पाळणा, लाकडी घोड्यांची चकरी, हसवणारे आरसे, फटफटीवाल्याचा मौतका कुवा आणि खाण्याच्या दुकानांची एक रांग, एवढा आमचा संसार. दिवाळीनंतर कापूस घरात येऊ लागला की आम्ही वऱ्हाडात उतरायचो आणि शिमग्यापर्यंत अमरावती, अकोला आणि मधली तालुक्याची गावं करायचो. माझ्याकडे एक टांगा, त्यावर भोंगा, सीटखाली बॅटरी आणि रंगीत कागदांच्या जाहिरातींचे गठ्ठे असत. आवाज चांगला होता. शाळेत कविता म्हणायचो तो आवाज या कामाला लागला. लोक मला मास्तर म्हणत, पण मी कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, जाहिरातवाल्याचं काम म्हणजे गर्दी जमवणं. ते सोपं आहे. नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात भोंग्यावर नुसतं "ऐका हो ऐका" म्हटलं, तरी माणसं थांबतात. अवघड आहे ते गर्दी वाटून घेणं. थोडी दुपारी यावी, थोडी संध्याकाळी, थोडी आज, थोडी बाजारानंतर. सगळे एकदम आले की पाळणेवाला फेरे कमी करतो. रिकाम्या दिवशी तो दहा-बारा फेरे फिरवील. गर्दीच्या दिवशी माणूस नीट बसून डोळे उघडतो न उघडतो, तोच खाली उतरवतील. म्हणजे माझी जाहिरात जितकी फळायची, तितकी आलेल्या माणसाची मजा आखडायची. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. कळूनही मी जाहिरात कमी केली नाही, कारण शेठ मला भेटायचे ते गर्दीच्या दिवशी, आणि पाठीवर हात ठेवायचे तोही गर्दीच्याच दिवशी.

चांदूर रेल्वेला आम्ही मुक्काम संपायच्या पुष्कळ आधी "शेवटचे तीन दिवस" असं ओरडायला सुरुवात केली. हा धंद्यातला जुना डाव. तीन दिवस झाले की "लोकाग्रहास्तव" आणखी तीन दिवस. पहिल्याच संध्याकाळी बैलगाड्यांची अशी रांग लागली, की अर्ध्या माणसांना घोड्यांची चकरी लांबून बघून परत जावं लागलं. दोन दिवसांनी तीच माणसं बाजारात माझा टांगा बघून हसली. "मास्तर, आज मरून राहिला का मेळा, का उद्या?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. मी पण हसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

बाळापूरकडचा एक शेतकरी मला अजून आठवतो. आमच्या कागदावर "गगनाला भिडणारा पाळणा" असं छापलेलं होतं. हा गृहस्थ पाळण्यातून उतरला तो तडक माझ्याकडे आला. धोतर, डोक्याला पटका, चेहऱ्यावर हसू नाही.

"मास्तर, आभाळ कोठी लागलं?"

मी म्हटलं, दादा, ती बोलायची रीत असते.

"मंग तसं काहून नाई छापलं? बोलायची रीत हाये म्हणून?"

भोवती माणसं जमली आणि हसायला लागली. मी त्याला फुकट आणखी एकदा बसवलं. तो खाली आला आणि शांतपणे म्हणाला, "आभाळ तं नाई लागलं. पण जिनातल्या कापसाच्या गंज्या दिसल्या, इकडून तिकडे पांढरं नुसतं. तेच छापा ना. आमाले तेई चाललं असतं."

जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या ढिगांचं त्याचं म्हणणं मी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, "गंजी देखने कौन आएगा, मास्तर?" आणि कागद तसाच छापत राहिला.

आता तो मंगळवार.

महाराष्ट्र राज्य होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. अकोल्याला मोर्णा नदीच्या अलीकडच्या मैदानात आमचा मुक्काम होता. आमच्या मेळ्यात बायका फार कमी यायच्या. आल्या तर नवऱ्याच्या मागे पदर धरून चालायच्या, मुलांना घोड्यावर बसवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. पाळण्यात बसलेली बाई मी वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली असेल. म्हणून मी शेठना सुचवलं, की आठवड्यातली एक दुपार फक्त बायकांसाठी ठेवू. मंगळवारी दोन ते सहा. सहानंतर एक तास मैदान रिकामं ठेवायचं, बायका निर्धास्त घरी जातील, मग सातला पुरुषांना सोडायचं. शेठ कबूल झाले. मला या कल्पनेचा अभिमान होता, हेही सांगून ठेवतो.

पहिल्या मंगळवारी मैदान ओसाड होतं. वीस-पंचवीस बायका आल्या आणि त्याही आरशांपुढेच घोटाळल्या. शेठ म्हणाले, आणखी एक मंगळवार बघू, नाही तर बंद.

त्याच आठवड्यात वत्सलाबाई मला भेटायला आल्या. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. चाळिशीच्या आत-बाहेर, पांढरं लुगडं, हातात छत्री. आपल्या वस्तीत त्या संध्याकाळी बायकांचा प्रौढ वर्ग घ्यायच्या. वस्तीतल्या लोकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्यानंतर तो वर्ग सुरू झाला होता, आणि मजुरीवरून आलेल्या बायका भाकरी टाकून तिथे पाट्या घेऊन बसायच्या. त्यांनी माझ्याच जाहिरातीचा गुलाबी कागद माझ्यापुढे धरला.

"हा कागद बायकांनी स्वतः वाचला," त्या म्हणाल्या. "आठ दिवस आम्ही हाच धडा चालवला. महिलांसाठी स्वतंत्र दिवस, पुरुषांना प्रवेश नाही. प्रवेश हा शब्द तर गिरजाबाईनं एकटीनं लावला. आता म्हणतात, बाई, लिहिलं हाये ते पाहून येऊ."

मी खूश होऊन म्हटलं, अवश्य आणा.

"आणीन. पण मला नीट सांगा. एकेकीच्या सासूला, सासऱ्याला मी घरी जाऊन शब्द देऊन राहिली. माणूस आत येणार नाही ना? आणि बाहेरून कोणी बघणार नाही ना? काही वेडंवाकडं झालं, तर उद्यापासून वर्गाला कोणी सोडणार नाही त्याईले."

मी त्यांना कनात दाखवली. आमची कनात म्हणजे बांबूंना बांधलेले तट्टे आणि पोती, माणसाच्या उंचीहून हातभर वर. मी म्हटलं, बाई, आतलं चिटपाखरू बाहेरून दिसत नाही. त्यांनी मान वर करून पाळण्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही बोललो नाही.

मंगळवारी सकाळी मी टांगा काढला. गल्ल्यागल्ल्यांतून बायकांसाठी ओरडत फिरलो; चांगल्या शब्दांत, नम्रपणे. त्यानं काम झालं होतं. दारादारांतून बायका मला वेळ विचारत होत्या. तिथे मी थांबायला हवं होतं. पण मनात धाकधूक, की संध्याकाळचा पुरुषांचा धंदा मंगळवारी पडतो, तोही भरून निघाला तर शेठ हा दिवस बंद करणार नाहीत. म्हणून ताजनापेठेत एका चहाच्या हॉटेलासमोर टांगा उभा केला आणि म्हणालो:

"आज महिलांचा दिवस. पुरुषांना प्रवेश नाही. पण मंडळी, पाळणा कनातीपेक्षा उंच आहे, आणि बाहेरचं मैदान सरकारी आहे."

हॉटेलातली माणसं खो-खो हसली. कोणी टाळी दिली, कोणी "वा मास्तर" म्हणालं. ते वाक्य मी घरून ठरवून आणलेलं नव्हतं. पण पहिल्या ठिकाणी हशा आला, म्हणून दुसऱ्या चौकात पुन्हा म्हटलं. मग धान्यबाजारात, मग जिनाच्या फाटकापाशी. प्रत्येक ठिकाणी हसायच्या जागा मला आणखी नेमक्या कळत गेल्या. ज्यांनी आयुष्यात भोंग्यावर बोललेलं नाही, त्यांना हे सांगून कळणार नाही. आपण बोलतो आणि शंभर अनोळखी माणसं एकदम हसतात, त्याची चटक लागते.

दुपारी बायका आल्या. शेकड्यांनी आल्या. एवढ्या बायका एका जागी मी कधी पाहिल्या नव्हत्या. वत्सलाबाई आपल्या पंचवीस-तीस जणींना रांगेत घेऊन आल्या. फाटकावरच्या पाटीपाशी त्यांची रांग थांबली आणि सगळ्यांनी पाटी मोठ्यानं वाचली. आमचा तिकीटवाला चकित होऊन बघत राहिला. गिरजाबाई कोण ते मला तेव्हाच कळलं. उंच, सावळी, तिशीची बाई, सगळ्यांत मोठा आवाज तिचा. "मास्तर, खरं हाये ना तुमचं लिहेल?" असं तिनं मला जाता जाता विचारलं. मी म्हटलं, खरं आहे.

पहिला तास छान गेला. बायका आरशांपुढे पोट धरून हसत होत्या. म्हाताऱ्या घोड्यांवर बसल्या. एकीनं घोड्याचा लगाम धरून "हुर्र" केलं, तेव्हा चकरीवालाही हसला. मग पाळणा भरला.

बाहेर काय चाललं होतं ते मी फाटकाशी असल्यामुळे मला आधी दिसत होतं. तीनच्या सुमारास माणसं येऊ लागली. मला वाटलं, लवकर आलेत, सातपर्यंत थांबतील. थोड्याच वेळात कडुनिंबांवर पोरं चढली, कापसाच्या रिकाम्या गाड्यांवर माणसं उभी राहिली. ती कोणी फाटकाकडे बघत नव्हती. सगळ्यांच्या माना वर होत्या. पाळणा वर आला की शिट्ट्या वाजायच्या, खाली गेला की थांबायच्या.

वरच्या बायकांना पहिल्यांदा वाटलं, ही दुसरीच कसली तरी गर्दी आहे. मग गर्दीतून एकानं गिरजाबाईचं नाव घेऊन हाक मारली. तो तिचा दीर होता. मित्रांबरोबर मजा बघायला आलेला, आणि वर आपलीच भावजय. हाकेत राग होता. बाकीच्यांनी ते नाव उचललं आणि शंभर तोंडांतून ते मैदानभर झालं. गिरजाबाईनं डोक्यावरून पदर ओढला आणि ती बसायच्या फळीवरून खाली सरकून पाळण्याच्या तळाशी अंग चोरून बसली.

मी पाळणेवाल्याला ओरडून सांगितलं, थांबव. तीही चूकच होती. पाळणा फिरता असतो तोवर कोणी वर क्षणभरच राहतं. उतरवायला घेतलं की एकेक पाळणा खाली आणून थांबवावा लागतो, आणि तेवढा वेळ वरची माणसं तिथेच लटकत राहतात. मला हे ठाऊक होतं. तरी तोंडातून "थांबव" निघून गेलं. गिरजाबाईचा पाळणा ऐन वर होता. ती सगळ्यांत शेवटी उतरली.

बाहेर जायला फाटक एकच, आणि त्यापुढे माणसांची भिंत. शेवटी मी आणि चकरीवाल्यानं मागच्या बाजूच्या कनातीच्या दोऱ्या कापल्या आणि बायकांना नदीकडच्या उतारानं बाहेर काढलं. कोणाच्या चपला राहिल्या, एकीच्या हातात बांगडी फुटून रुतली. मोठी इजा कोणाला झाली नाही. वत्सलाबाई सगळ्यांत मागे होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाई, एवढी माणसं अचानक कुठून आली काही कळत नाही." त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

रात्री मेळा तुडुंब भरला. शेठनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात महिलांचा दिवस बंद झाला. मुक्काम हलायच्या आधी मी एकदा वस्तीवरून टांगा नेला. संध्याकाळची वेळ होती. विहाराच्या ओट्यावर कंदील होता, वत्सलाबाई होत्या आणि समोर पाट्या घेऊन चारच बायका. त्या सगळ्या विधवा होत्या, असं मला पुढे कळलं. म्हणजे ज्यांना घरी बसवणारं कोणी नव्हतं, तेवढ्याच उरल्या होत्या. मी टांगा थांबवला नाही.

त्यानंतर दोन हंगाम मी मेळ्यात काढले आणि मग सोडलं. लोकांना सांगितलं, घसा बसला. अमरावतीला अंबागेटाजवळ पाट्या रंगवायचं छोटं दुकान टाकलं. तोच धंदा, पण इथे खोटं लिहायला फारशी जागा नसते. डॉक्टरचं नाव, दुकानाचं नाव, वेळ.

चार-पाच वर्षांनी एका शाळेची पाटी रंगवायचं काम आलं. मापं घ्यायला गेलो, तर मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत वत्सलाबाई. मी नमस्कार केला, दोन वाक्यं बोललो, तोच त्यांनी वर पाहिलं. "मेळ्याचे मास्तर ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं." त्यांनी चहा मागवला. नोकरी बदलून अमरावतीला आल्याला त्यांना तीन वर्षं झाली होती. अकोल्याच्या वर्गाचं मीच विचारलं. तो त्याच वर्षी बंद पडला, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चूक माझीच झाली. पाळणा उंच आहे हे मला दिसत होतं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. तुम्ही तरी काय करणार, गर्दी कोणाच्या हातातली असते?"

चहा अर्धा टाकून मी उठलो.

पाटी रंगवायला मला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. नेऊन लावली, शिपाई बाजूला गेला, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. ताजनापेठ, धान्यबाजार, जिनाचं फाटक. ते वाक्यही जसंच्या तसं म्हणून दाखवलं. म्हणताना लक्षात आलं, की त्यात हसण्यासारखं काही नाही. शेवटी म्हटलं, बाई, मला माफ करा.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले काय माफी मागून राहिले?" त्या म्हणाल्या. एरवी शाळेत त्या असं बोलत नसत. "मी तर खाली उभी होती. वर त्या होत्या."

मी विचारलं, गिरजाबाई कशा आहेत?

"घरच्यांनी काय म्हटलं माहीत आहे? म्हणे, ही पाळण्यात एवढ्या मोठ्यानं हसली, की हसण्याच्या आवाजानं माणसं जमली. दिराचंच म्हणणं. अजून म्हणतात. लग्नकार्यात म्हणतात. तिलेई खरं वाटते आता."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर अकोल्याला गेलो. गिरजाबाईचं घर विहारामागे होतं. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. तिचा तो दीर अंगणात बाजेवर बसला होता. आता तोही पोक्त माणूस, जिनात मुकादम. शेजारच्या तीन-चार बायका वत्सलाबाई आल्या म्हणून गोळा झाल्या. मला कोणी ओळखलं नाही.

मेळ्याचा मास्तर तो मीच, ती गर्दी कशी जमली ते सांगायला आलोय, असं मी आधी गिरजाबाईकडे वळून बोलायला लागलो. तिनं मला मधेच अडवलं.

"माणसं तुमी बोलावली?"

"हो."

"भोंग्यावर?"

"हो. चार ठिकाणी."

"काहून?"

वाटेत मी पुष्कळ कारणं तयार केली होती. शेठ, धंदा, महिलांचा दिवस टिकवायची धडपड. तिच्यासमोर त्यांतलं एकही पुढे येईना.

"लोक हसले म्हणून," मी म्हटलं.

मग तिनं बाजेकडे हात केला. "मले नका सांगू. त्याईले सांगा. मोठ्यानं सांगा, ह्या बायाइलेई ऐकू जाऊ द्या."

दीर पाय खाली सोडून सावरून बसला. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "दादा, त्या दिवशी तुम्ही तिथे आलात ते माझं बोलणं ऐकून. सगळे त्यासाठीच आले. गिरजाबाई हसल्या म्हणून कोणी आलं नाही. त्या हसत होत्या, कारण पुरुष येणार नाहीत असं मी लिहून दिलं होतं आणि त्यांनी ते वाचलं होतं."

मान खाली घालून त्यानं हळूच म्हटलं, "जिनाच्या फाटकापाशी ऐकलं होतं मी. हसलो होतो मीबी."

मग मी गिरजाबाईकडे वळलो आणि हात जोडले.

"बाई, तुम्ही वाचलेलं मी खोटं केलं, आणि दोष तुमच्या हसण्यावर जाऊ दिला. माझं चुकलं. मला माफ करा."